कढत पाण्यांतील कारागीर

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]



आमच्या पावसकडे विरजण लावणें हें घरांतल्या वडील बाईचें काम. दूध तापवून खालीं उतरावें, त्यांत करंगळी बुडवून पाहावी. कढत लागलें तर थांबावें, फार निवलें असेल तर पुन्हां थोडें ऊन करावें, आणि अगदीं कोमट असतां त्यांत ताकाचे चार थेंब सोडावे. माझी आजी हें काम दुसऱ्या कोणावर सोंपवीत नसे. कोणीं घाईघाईनें कढत दुधांत विरजण टाकलें, तर "विरजण मेलें" असें ती म्हणे. तिला शास्त्र ठाऊक नव्हतें. पण तिचा शब्द शास्त्राला धरून होता. ताकांतले सूक्ष्म जंतु कढत दुधांत पडले म्हणजे खरोखरच मरतात. जिवंत वस्तूला कोमट तें मानवतें, कढत तें मानवत नाहीं, हा नियम आपण सारे स्वयंपाकघरांतच शिकतों. दूध तापवून ठेवणें, सांथीच्या दिवसांत पाणी उकळून पिणें, ह्या आपल्या सवयी ह्याच नियमावर उभ्या आहेत.

आज ज्या जीवांविषयीं मी बोलणार आहें, त्यांना हा नियम लागू नाहीं. कोमट दूध त्यांना गारठ्यासारखें वाटेल. हात घातला तर कातडी सोलून निघेल अशा पाण्यांत ते सुखानें राहतात, आणि त्यांच्या अंगच्या एका गुणामुळें जगांतल्या कित्येक कारखान्यांचें व रुग्णालयांचें काम आज चाललें आहे. हा गुण कोणता आणि त्याच्याशीं आपला संबंध काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

रत्नागिरीकडच्या मंडळींना ऊन पाण्याचे झरे नवे नाहींत. राजापुराजवळ उन्हाळें येथें कुंड आहे. राजापूरची गंगा प्रकट झाली म्हणजे यात्रेकरू तेथेंही स्नान करून येतात. संगमेश्वराकडे आरवली, तुरळ आणि राजवाडी येथें झरे आहेत. दापोलीच्या बाजूस उन्हवरें आहे. उत्तरेस गेलें तर पालीजवळ उन्हेरें, आणि पुढें वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, सातिवली. नकाशावर हीं सारीं ठिकाणें जोडलीं, तर सह्याद्रीला जवळजवळ समांतर अशी एक रेघ उठते. येथें जिवंत ज्वालामुखी नाहीं. पावसाचें पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल उतरतें, भूगर्भांतल्या उष्णतेनें तापतें, आणि दुसऱ्या भेगेची वाट धरून वर येतें. राजापूरचें पाणी सुमारें ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे अंगाला सोसेल इतकें. तुरळचें साठीच्या आसपास. आणि उन्हवऱ्याचें सत्तरीच्या घरांत.

मी लहान असतांना आजीबरोबर अशाच एका कुंडावर गेलों होतों. दुसऱ्या दिवशीं तेथें जत्रा होती. गांवच्या मुलांनीं कुंड घांसून स्वच्छ करावें अशी रीत. मलाही हातीं खराटा मिळाला. कुंडांतून पाणी ज्या दगडी पाटानें बाहेर जाई, त्या पाटावर रंगीत सायीसारखा थर धरलेला होता. उगमाजवळ फिकट, दोऱ्यांसारखे तंतु. जरा खालीं, पाणी किंचित् निवलें तेथें, गडद हिरवा थर. आणि आणखी पुढें तांबूस. आम्हीं तो सारा खरवडून काढला. दगड लख्ख झाले. आजी म्हणाली, "पुण्य लागलें हो!" आपण काय खरवडून टाकलें, हें मला कळावयास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. तो थर म्हणजे मळ नव्हता. कढत पाण्यांत पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती वस्ती होती, आणि पाण्याच्या उष्णतेच्या प्रत्येक पायरीवर निराळी जात राहत असल्यामुळें तिला ते निरनिराळे रंग आले होते.

हे जीव कढत पाण्यांत कसे जगतात, हें समजण्यासाठीं एन्झाइम हा पदार्थ थोडा ओळखून घेतला पाहिजे. मराठींत त्याला विकर असेंही नांव आहे. प्रत्येक सजीवाच्या शरीरांत अन्न पचविणें, मोठे रेणू तोडणें, लहान रेणू जोडणें अशीं हजारों रासायनिक कामें अखंड चाललेलीं असतात. हीं कामें करणारे कारागीर म्हणजे हीं एन्झाइमें. एक कारागीर बहुधा एकच काम करतो: कोणी पिष्ट तोडतो, कोणी प्रथिन, कोणी चरबी. स्वतः न झिजतां तो तेंच काम पुन्हां पुन्हां करीत राहतो. पूर्वीं असा समज होता कीं, आंबविण्याची क्रिया जिवंत पेशीवांचून होणारच नाहीं. १८९७ सालीं एदुआर्द बुखनर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला, आणि त्या निर्जीव रसानेंही साखर आंबते हें दाखवून दिलें. त्याबद्दल त्याला १९०७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. कारागिराला घरांतून बाहेर काढून दुसऱ्याच्या कामाला लावतां येतें, हें तेव्हांपासून सिद्ध झालें, आणि एन्झाइमांच्या उद्योगाचा पाया तेथें पडला.

परंतु हे कारागीर नाजूक असतात. एन्झाइमें बहुतेक प्रथिनाचीं बनलेलीं. प्रथिन म्हणजे लांबच लांब माळ. ती एका ठराविक रीतीनें दुमडून बसलेली असते, आणि त्या घडीवरच तिचें सारें कौशल्य अवलंबून असतें. उष्णता लागली कीं घडी विसकटते. अंडें उकडलें म्हणजे आंतला पातळ पांढरा बलक घट्ट होतो, तो ह्याच कारणानें. आणि एकदां घट्ट झालेला बलक गार केला म्हणून पुन्हां पातळ होत नाहीं. कढत पाण्यांतल्या जीवांचीं एन्झाइमेंही प्रथिनाचींच. फरक आहे तो बांधणींत. फेटा आणि पगडी ह्यांचें कापड एकच असलें, तरी डोक्याला गुंडाळलेला फेटा ओढाताणींत सुटतो, आणि टांके घालून बसविलेली पगडी सुटत नाहीं. ह्या जीवांच्या एन्झाइमांत माळेच्या निरनिराळ्या भागांना एकमेकांशीं जखडणारे विद्युत्-आकर्षणाचे टांके अधिक असतात, आंतला भागही अधिक दाटीनें भरलेला असतो. म्हणून सत्तर-ऐंशी अंशांतही त्यांची घडी मोडत नाहीं. ह्या दृढपणाची किंमतही त्यांना द्यावी लागते: गार पाण्यांत तींच एन्झाइमें ताठ पडतात आणि संथपणें काम करतात.

जीवाची ही मर्यादा कोठवर जाते, ह्याचें मोजमाप अलीकडेंच झालें. अमेरिकेंत यलोस्टोन नांवाचें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. तेथें ऊन पाण्याचे असंख्य झरे आहेत. १९६६ सालीं टॉमस ब्रॉक ह्या शास्त्रज्ञानें आणि हडसन फ्रीझ ह्या त्याच्या विद्यार्थ्यानें तेथल्या एका झऱ्यांतून एक जंतु मिळविला. सत्तर अंशांच्या पाण्यांत तो उत्तम वाढे. त्यांनीं त्याचें नांव ठेविलें थर्मस ॲक्वॅटिकस, आणि १९६९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें २००३ सालीं समुद्रतळाच्या उष्ण विवरांतला १२१ अंशांतही वाढणारा एक जीव उजेडांत आला. आपल्या घरच्या कुकरमध्यें शिटी होतांना जेवढी उष्णता असते, साधारण तेवढी ही झाली.

ब्रॉकनें कोणत्याही उद्योगाचा विचार केला नव्हता. एवढ्या कढत पाण्यांत कोण राहतें, हें त्याला पाहावयाचें होतें, इतकेंच. परंतु १९७६ सालीं त्याच जंतूंतून डीएनए ह्या जननद्रव्याची नक्कल करणारें एक एन्झाइम वेगळें काढण्यांत आलें. १९८३ सालीं कॅरी मलिस ह्याला एक युक्ति सुचली. जननद्रव्याचा पीळ उष्णतेनें उकलावा, प्रत्येक धाग्यावर एन्झाइमाकडून नवा धागा विणून घ्यावा, म्हणजे एकाचे दोन होतील. पुन्हां तापवावें, दोहोंचे चार होतील. असें तीस वेळां केलें तर एका रेणूचे शंभर कोटींहून अधिक रेणू होतात. अडचण एवढीच होती कीं, पीळ उकलण्यासाठीं पंचाण्णव अंशांपर्यंत तापवावें लागे, आणि त्या तापांत साध्या जंतूचें एन्झाइम मरे. तें दर खेपेस नव्यानें घालावें लागे. आजीच्या भाषेंत सांगावयाचें तर, दर वेळीं विरजण मरत होतें. १९८८ सालीं थर्मस ॲक्वॅटिकसचें एन्झाइम ह्या कामीं योजल्याचें प्रसिद्ध झालें, आणि अडचण संपली. कारण त्याचें विरजण मरतच नाहीं. मलिसला १९९३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०२० सालीं करोनाच्या सांथींत नाकांत काडी घालून जी तपासणी झाली, तिच्यांत विषाणूच्या द्रव्याची प्रथम डीएनएमध्यें नक्कल करून मग ती ह्याच रीतीनें वाढवीत. आणि वाढविण्याचें काम हें एन्झाइम किंवा त्याचे भाऊबंद करीत होते. रात्रीं उशिरां हातीं आलेला तो कागद आपल्यापैकीं किती घरांनीं श्वास रोखून वाचला असेल! त्यामागें एका कढत झऱ्यावरची साय होती.

उष्णता हा कठीण परिस्थितीचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार क्षाराचा. कपडे धुण्याचें पाणी धुण्याच्या सोड्यामुळें तीव्र क्षारधर्मी असतें. त्यांत रक्ताचा, दुधाचा, आमटीचा डाग तोडणारें एन्झाइम घालावें, तर बहुतेक एन्झाइमांचा तेथें निभाव लागत नाहीं. जपानच्या कोकी होरिकोशी ह्या शास्त्रज्ञानें साधी माती घेऊन ती मुद्दाम क्षारयुक्त पोषकद्रवांत टाकली. त्यांत क्षारच ज्यांना मानवतो असे जंतु भराभर वाढले. त्यांतल्या एकाच्या एन्झाइमाची हकीकत त्यानें १९७१ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९८७ सालीं जपानच्या काओ कंपनीनें अशाच क्षारप्रिय जंतूचें, सुती धाग्यावर काम करणारें एन्झाइम आपल्या धुण्याच्या पुडींत घातलें. सुताच्या बारीक केसांत अडकलेला मळ त्यानें सुटा होतो. आज बाजारांतल्या कित्येक पुड्यांवर एन्झाइमाचा उल्लेख असतो. त्याचा अर्थ हा आहे.

क्षारप्रिय जीवांसाठीं महाराष्ट्राला जपानकडे पाहावयास नको. बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें सरोवर आहे. काळ्या पाषाणांत उल्का आदळून पडलेला हा खड्डा. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर. ह्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. साध्या पाण्याचा सात. ही तीन अंकांची तफावत दिसावयास लहान, पण प्रत्येक अंक म्हणजे दहा पट, म्हणून ती हजार पटींची आहे. साबण आणि कांच करण्याची सामग्री येथें मिळते, अशी नोंद अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी'मध्यें आहे. चारशें वर्षांपूर्वीं ज्याचा क्षार धुण्यासाठीं गोळा केला जाई, त्या पाण्यांतले जंतु आज धुलाईच्या एन्झाइमांसाठीं तपासले जातात, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रांतील संशोधकांनीं येथें सांपडलेल्या एका नव्या जंतूला २०१२ सालीं 'सेसेंबिया लोणारेन्सिस' असें नांव दिलें: पहिला शब्द त्यांच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून, दुसरा आपल्या लोणारवरून. २०२० च्या जूनमध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां पुष्कळांना तो अपशकुन वाटला. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून, हा रंग मीठप्रिय सूक्ष्म जीवांचा असल्याचें सांगितलें. मिठागरांत मीठ धरूं लागतांना पाण्याला जी तांबूस छटा येते, तिच्यांतही ह्यांच्या सोयऱ्यांचा हात असतो.

उद्योगांतलीं आणखी दोन उदाहरणें थोडक्यांत सांगतों. इचलकरंजी-सोलापूरकडे कापड विणतांना ताण्याचे धागे तुटूं नयेत म्हणून त्यांना पिठाची खळ देतात. विणून झाल्यावर ती खळ काढली नाहीं, तर कापडाला रंग नीट बसत नाहीं. आम्लानें खळ काढावी, तर सूतच कमजोर होण्याची भीति. उष्णता सोसणारें पिष्ट-भेदक एन्झाइम जवळजवळ उकळत्या पाण्यांत खळ तेवढी तोडतें आणि सुताला धक्का लावीत नाहीं. पिठापासून ग्लुकोज करण्याच्या कारखान्यांत अशींच एन्झाइमें शंभर अंशांच्याही वर काम करतात. दुसरें उदाहरण कागदाचें. लगदा पांढरा करण्यासाठीं क्लोरीन वापरतात, आणि त्याचें विषारी सांडपाणी नदींत जातें. लगद्यांतले कांहीं दुवे आधीं एन्झाइमानें तोडले, तर क्लोरीन कमी लागतो. पण लगदा असतो ऊन आणि क्षारधर्मी, म्हणून एन्झाइमही दोन्ही सोसणारें हवें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत उष्णता व क्षार दोन्ही मानवणाऱ्या जंतूंच्या अशा एन्झाइमांवर १९९० नंतरच्या दशकांत पुष्कळ काम झालें.

आतां तुम्ही विचाराल, कारखान्यांना एवढें एन्झाइम पुरवावयाचें तर झरेच्या झरे उपसावे लागत असतील? तसें नाहीं, आणि माझ्या बोलण्याचा रोख येथेंच आहे. झऱ्यांतून चिमूटभर चिखल न्यावा. त्यांतला जंतु वेगळा करावा. ज्या जननद्रव्यावर त्या एन्झाइमाचा आराखडा लिहिलेला असतो, तेवढा तुकडा काढून एखाद्या साध्या, लवकर वाढणाऱ्या जंतूंत बसवावा. मग मोठमोठ्या टांक्यांतून त्याची पैदास करावी. पुन्हां झऱ्याकडे फिरकण्याचें कारण नाहीं. ह्यांत झऱ्याचें नुकसान होत नाहीं, ही चांगली गोष्ट आहे. पण झऱ्याच्या गांवाला त्याचा पत्ताही लागत नाहीं, ही दुसरी बाजू आहे. १९९१ सालीं स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश कंपनीनें डीएनए वाढविण्याच्या त्या पद्धतीचे हक्क ३० कोटी डॉलरांना विकत घेतले. ज्या यलोस्टोनच्या झऱ्यांतून तो जंतु आला, त्या उद्यानाच्या पदरांत त्यांतलें कांहीं पडलें नाहीं.

आपल्या देशानें ह्यावर कायदा केला आहे. २००२ सालच्या जैविक विविधता कायद्यांत वनस्पति व प्राणी ह्यांच्याबरोबर सूक्ष्म जीवांचाही स्पष्ट समावेश आहे. परकीयांनीं येथला जैविक पदार्थ न्यावयाचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. व्यापारी उपयोगांतून होणाऱ्या लाभाचा वांटा देण्याची तरतूद आहे. आणि गांवोगांवच्या समित्यांनीं आपल्या हद्दींतल्या जैविक संपत्तीची नोंदवही ठेवावी असेंही त्यांत आहे. ह्या वहींत आपण आंबा लिहितों, फणस लिहितों, औषधी मुळ्या लिहितों. कुंडाच्या पाटावरची साय लिहावी, असें सहसा कोणाला सुचत नाहीं. पुण्यांत सूक्ष्म जीव जतन करणारें राष्ट्रीय केंद्र आहे. तेथें हजारों जाती नळ्यांतून जपून ठेविलेल्या आहेत. परंतु प्रयोगशाळेंत वाढवितां येतात ते जंतु थोडे. पुष्कळसे आपल्या मूळ पाण्यांतच काय ते जगतात. त्यांची नळी म्हणजे तो झराच.

म्हणून ह्या ठिकाणांची राखण कशी होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. यलोस्टोनचे झरे शंभर वर्षें राखले गेले ते शोभेसाठीं. पण राखले गेले, म्हणून ब्रॉकला त्यांत जंतु सांपडला. आपल्या पूर्वजांनीं उन्हाळीं राखलीं तीं श्रद्धेनें. देवाचें पाणी म्हणून त्यांत कोणी वाईट वस्तु टाकीत नसे. अलीकडे मीं लहानपणचें तें कुंड पुन्हां पाहिलें. भोंवतीं गुळगुळीत लाद्या बसविलेल्या आहेत, त्या पाहून कोणालाही बरें वाटेल. पण पाण्यावर साबणाचा फेस होता, कोपऱ्यांत शांपूच्या रिकाम्या पुड्या होत्या, आणि दगडी पाटाच्या जागीं सिमेंटचा नळ आला होता. हिरवा नाहीं, तांबूस नाहीं, कसलाच थर नव्हता. हें कोणीं द्वेषानें केलेलें नाहीं. ज्या भावनेनें मीं खराटा चालविला, त्याच भावनेनें हेंही झालेलें आहे. म्हणून मला दुसऱ्या कोणाला बोल लावतां येत नाहीं.

यात्रेकरूंनीं स्नान करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. पण उगम आणि स्नानाची जागा वेगळी ठेवतां येईल. साबण कुंडाबाहेर, वेगळ्या मोरीवर नेतां येईल. पाणी बाहेर जातें तो पाट उघडा आणि दगडी ठेवून, निदान त्याचा दोन-चार हात भाग न खरवडतां सोडतां येईल. शाळेच्या मुलांना तेथें नेऊन, तापमापक हातीं देऊन, कोणत्या उष्णतेला कोणता रंग हें टिपून घेतां येईल. आणि ती टिपणें गांवच्या नोंदवहींत जातील. ह्याला फार पैसा लागत नाहीं. त्या सायींत एखादें मोलाचें एन्झाइम असेलच, असें वचन मी देत नाहीं. तपासलेल्या पुष्कळ जंतूंतून एखादाच उपयोगी पडतो. पण खरवडून टाकलेल्यांतून एकही उपयोगी पडत नाहीं, हें मात्र खात्रीनें सांगतां येतें.

माझ्या आजीचा आणखी एक नियम होता. दही कितीही गोड लागलें आणि पंगतीला कितीही माणसें असलीं, तरी भांडें पुसून घेऊं द्यावयाची नाहीं. चमचाभर दही तळाशीं राहिलेंच पाहिजे. आम्हीं हट्ट धरला कीं ती म्हणे, "उद्यां विरजण कोठून आणाल?" आमच्या कोंकणांतल्या ऊन पाण्याच्या पाटांवर अजून कोठें कोठें असें चमचाभर विरजण शिल्लक आहे. तेवढें राहूं द्यावें, इतकीच श्रोत्यांना माझी विनंति आहे.